घरच्या घरी पास्ट्रामी: ब्रिस्केट खारवण्यापासून कापण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पास्ट्रामी म्हणजे मुरवून, धूर देऊन मग वाफवलेलं बीफ. हे पान मुख्यतः अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या, बीफ खाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतातून विचारणाऱ्यांसाठी खाली वेगळी उत्तरं आहेत. जे खात नाहीत त्यांना पटवण्याचा अजिबात उद्देश नाही.

ब्रिस्केट म्हणजे नेमका कुठला भाग? दुकानात काय मागायचं?

छातीचा, पुढच्या दोन पायांच्या मधला भाग. माणसाला असतं तसं कॉलरबोन गुरांना नसतं, त्यामुळे जनावराच्या पुढच्या धडाचा बराचसा भार याच स्नायूंवर तोललेला असतो. दिवसभर राबणारा भाग म्हणून चिवट, आणि चिवट म्हणूनच चवदार. त्यात कोलॅजन भरपूर असतं. ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास सावकाश विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. घाईने शिजवलं तर ब्रिस्केट चप्पल होते, निवांत शिजवलं तर सुटी सुटी होते.

त्यात दोन स्नायू एकावर एक असतात: चपटा, एकसारख्या जाडीचा ‘फ्लॅट’ आणि त्यावरचा जाड, चरबीदार ‘पॉइंट’. अख्खा तुकडा साधारण ५ ते ७ किलोंचा भरतो. सुपरमार्केटमध्ये बहुतेक वेळा फ्लॅटच मिळतो, तोही चरबी पार खरवडून काढलेला. तसा घेऊ नका. वर किमान अर्ध्या सेंटिमीटरचा पांढरा थर दिसला पाहिजे. बुचर ओळखीचा असेल तर पॉइंट मागा. पास्ट्रामीसाठी मला तोच आवडतो, कारण थोडं इकडे-तिकडे झालं तरी तो कोरडा पडत नाही. पहिल्यांदा करताना अडीच किलोंच्या वर जाऊ नका.

टेक्सासची ब्रिस्केट, कॉर्न्ड बीफ, पास्ट्रामी, माँट्रियल स्मोक्ड मीट, हे सगळं एकच का?

तुकडा एकच असू शकतो, पण रीत वेगळी. टेक्सासवाले मांस आधी मुरवत नाहीत. मीठ-मिरी चोळून थेट ओकच्या धुरात, दहा-बारा तास किंवा जास्तच. कॉर्न्ड बीफ दिवसेंदिवस खाऱ्या पाण्यात मुरतं आणि मग उकडलं जातं, त्यात धूर नाही. पास्ट्रामीत तिन्ही आलं: मुरवणं, धुरावणं, वाफवणं.

पास्ट्रामी न्यूयॉर्कला आणली रुमानियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लोअर ईस्ट साइडचं कॅट्झेस डेली आपली स्थापना १८८८ ची सांगतं. न्यूयॉर्कच्या जुन्या डेलींमध्ये पोटाकडचा, आणखी चरबीदार ‘नेव्हल’ वापरायची पद्धत होती, ब्रिस्केट ही जास्त करून माँट्रियलची आवड. तिथल्या सेंट लॉरेंट बुलेव्हारवर श्वार्ट्झेस १९२८ पासून आहे. माँट्रियलच्या प्रकारात साखर कमी, मिरी आणि धणे जास्त, आणि मुरवणं बहुधा कोरडं. न्यूयॉर्कवाले खारं पाणी वापरतात आणि थोडी गोडी ठेवतात. कोणतं चांगलं, हा वाद मिसळ पुण्याची की कोल्हापूरची याच जातीचा आहे, त्यात मी पडत नाही. इथे खाली जे दिलंय ते दोन्हींच्या मधलं.

घरात सैंधव आहे, तेही गुलाबीच असतं. ‘पिंक सॉल्ट’ म्हणून ते चालेल ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात धोक्याचाही हाच आहे.

सैंधव, म्हणजे दुकानातलं ‘हिमालयन पिंक’, हे खाणीतलं साधं मीठ आहे. त्याचा गुलाबी रंग त्यातल्या लोहाचा. क्युअरिंग सॉल्ट नंबर १, म्हणजे मांस मुरवायचं (क्युअर करायचं) मीठ, ही वेगळीच चीज: त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट आणि बाकी मीठ असतं. कोणी चुकून जेवणात घालू नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. प्राग पावडर नंबर १, इन्स्टा क्युअर नंबर १ ही त्याचीच नावं. सैंधवाने मांस खारट होईल, पण मुरणार नाही. उलट क्युअरिंग सॉल्ट मीठ म्हणून आमटीत पडलं तर दवाखान्यात जावं लागेल. म्हणून पाकीट मसाल्याच्या कपाटात ठेवायचंच नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, वर मराठीत ‘जेवणात घालू नये’ लिहून, वेगळ्या उंच फळीवर. गावाहून आलेली आई सकाळी पोहे करायला उभी राहते तेव्हा ती इंग्रजी लेबलं वाचत बसत नाही.

नंबर २ नावाचंही मिळतं. त्यात नायट्राइटबरोबर नायट्रेट असतं आणि ते महिनोन्महिने सुकवायच्या सॉसेजसाठी. आपल्याला नको. आणि शुद्ध सोडियम नायट्राइट केमिकलवाल्याकडून आणायचं तर मुळीच नाही, मग ते कितीही स्वस्त पडो.

मग प्रमाण काय?

चमचे विसरा, ग्रॅमचा काटा घ्या. एका ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा स्वस्तात मिळतो, ०.१ ग्रॅमचा मिळाला तर उत्तम. स्मोकर (धूर द्यायची भट्टी) कुठला घ्यावा यावर लोक महिनाभर यूट्यूब बघतात आणि क्युअर चमच्याने अंदाजे घालतात. प्राधान्य उलटं हवं.

हिशोब सोपा आहे. मांस आणि पाणी दोन्हींचं वजन एकत्र करा आणि सगळे टक्के त्या बेरजेवर काढा. अडीच किलो मांस, अडीच लिटर पाणी, म्हणजे एकूण ५ किलो:

क्युअरिंग सॉल्ट नंबर १: ०.२५ टक्के, म्हणजे १२.५ ग्रॅम
मीठ: ११३ ग्रॅम
साखर किंवा ब्राउन शुगर: ५० ग्रॅम

मीठ एकूण अडीच टक्के, म्हणजे १२५ ग्रॅम हवं. पण क्युअरमध्येच जवळपास १२ ग्रॅम मीठ असतं, तेवढं वजा केलंय. या मापाने नायट्राइट दर दहा लाख भागांत सुमारे १५६ भाग बसतं. अमेरिकेत सॉसेजसारख्या खिम्याच्या पदार्थांना कमाल मर्यादा तेवढीच आहे आणि खाऱ्या पाण्यातल्या अख्ख्या मांसाला ती त्याहून थोडी सैल आहे. म्हणजे आपण सुरक्षित बाजूला आहोत. क्युअर ‘थोडं जास्त घालू, लवकर मुरेल’ असा विचार कुणी करू नये.

या पद्धतीचा मोठा फायदा हा की मांस नि पाणी यांचं मीठ शेवटी समसमान होतं. दोन दिवस जास्त राहिलं तरी खारट होत नाही. जुन्या पाककृतींत कडक खारं पाणी असतं, त्यात वेळ चुकली की मांस पाण्यात भिजत ठेवून मीठ उतरवावं लागतं. इथे ती भानगड नाही.

कोरडी पद्धत हवी असेल तर सगळे टक्के फक्त मांसाच्या वजनावर काढा. अडीच किलोंना ६.२५ ग्रॅम क्युअर, ५६ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम साखर. हे नीट मिसळून सगळ्या बाजूंनी चोळायचं, जाड झिप पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि रोज उलटायचं. पिशवीत सुटलेलं पाणी ओतून टाकू नका, क्युअर त्यातच असतं.

ब्राइनमध्ये, म्हणजे त्या खाऱ्या पाण्यात, मसाला कुठला?

अर्ध्या पाण्यात मीठ, साखर, ठेचलेला लसूण, धणे, काळी मिरी, मोहरी, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, मिळाले तर ऑलस्पाइस, असं उकळून घ्या. उरलेलं पाणी बर्फ म्हणून घाला, पण वजन करून. क्युअर पाणी थंड झाल्यावर. आपल्याकडचं तमालपत्र आणि इथलं बे लीफ वेगळं. तमालपत्राने दालचिनीकडे झुकणारा वास येतो. चालतं, पण एकच टाका. गरम मसाला नको. खरं सांगायचं तर ब्राइनमधल्या मसाल्याने फार फरक पडत नाही. मीठ नि नायट्राइट आतपर्यंत जातात, लवंगेचा सुगंध वरच्या थरातच राहतो. खरी चव बाहेरच्या लेपाची.

किती दिवस ठेवायचं?

जाडी मोजा. ४-५ सेंटिमीटर जाडीच्या फ्लॅटला ७ ते ८ दिवस, ७-८ सेंटिमीटरच्या पॉइंटला १२ ते १४. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतो, कारण मीठ आत झिरपण्याचा वेग अंतर वाढेल तसा मंदावत जातो. जाड तुकड्याला म्हणूनच सुईने टोचून आत ब्राइन भरतात. तयार केलेल्या ब्राइनमधूनच मांसाच्या वजनाच्या दहावा हिस्सा ठिकठिकाणी टोचा, की पाच-सहा दिवसांत काम होतं.

फ्रीज २ ते ४ अंशांवर हवा. स्वस्तातला एक थर्मामीटर आत ठेवाच, दारातल्या आकड्यावर विश्वास नको. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा खाण्याचं प्लास्टिक. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, लोखंड नको. मांस वर तरंगतं, त्यावर ताटली आणि ताटलीवर वजन ठेवून ते बुडतं ठेवा.

झालंय हे कळतं कसं? बोटाने दाबा. पहिल्या दिवशी बोट आत जातं आणि खळगा राहतो. मुरल्यावर तुकडा घट्ट, लवचिक होतो, दाबलं की परत वर येतो. बाहेरून रंग करडा-तपकिरी दिसतो, त्याने घाबरू नका. गुलाबी रंग आत असतो आणि शिजल्यावर खुलतो. ब्राइन मात्र चिकट, तार धरणारं झालं किंवा आंबूस वास आला, तर मांसासकट फेकून द्या. ‘धुऊन घेतो’ हा मार्ग नाही.

आजी सोरा लावून जीभ मुरवायची. तोच सोरा इथे वापरू का?

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला मीठ-सोरा-लिंबू लावून, वर दगड ठेवून मुरवलेली जीभ असायची, अजूनही कुठे कुठे असते. तत्त्व तेच आहे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तोफेच्या दारूसाठी युरोपला जाणारा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधूनच जात असे.

पण सोरा स्वतः काम करत नाही. मांसातले जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग ते काम करतं. ते किती होईल, कधी होईल हे हवामानावर आणि नशिबावर. फ्रीजच्या थंडीत ही क्रिया आणखीच मंद पडते. नायट्राइट थेट आणि मोजून घालता येत असताना सोऱ्याच्या मागे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजीच्या हातचं अंदाजमाप तिच्याबरोबर होतं.

नायट्राइट न घालता केलं तर? आणि ते तब्येतीला वाईट नाही का?

न घालता करता येतं, पण ती मग पास्ट्रामी नाही. रंग करडा येतो आणि ती ओळखीची हॅमसारखी चव येत नाही. शिवाय नायट्राइट बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूला रोखतं. दहा दिवस हवाबंद पिशवीत असणारं मांस, मग कोमट धुरात काही तास: त्या जिवाणूला हवी तशीच परिस्थिती. म्हणून क्युअर नको असेल तर टेक्सासची पद्धत घ्या, मुरवणं वगळा.

तब्येतीचं म्हणाल तर आडपडदा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. ‘अनक्युअर्ड’ लिहिलेल्या, सेलरी पावडर घातलेल्या पाकिटाने हे टळत नाही, सेलरीतूनही नायट्राइटच येतं. हा सणासुदीचा पदार्थ आहे, डब्याचा नाही.

सासूबाई येणार आहेत, घरात बीफ चालत नाही. दहा दिवस फ्रीजमध्ये कसं ठेवू?

नका ठेवू. त्या परत गेल्यावर करा. बेसमेंटमध्ये वेगळा फ्रीज असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही झाकण घट्ट हवं आणि सांगून ठेवलेलं बरं.

बाहेरचा लेप?

दोन भाग काळी मिरी, दोन भाग धणे, अर्धा भाग मोहरी, अर्धा भाग लसूण पावडर, आवडीने पॅप्रिका. धणे आणि मिरी कोरडी भाजू नका, धुरात ती भाजली जाणारच आहेत. मिक्सरमध्ये पूड करू नका. खलबत्त्यात एका धण्याचे दोन-तीन तुकडे होतील इतकंच कुटा. लेपात मीठ नाही, ते आत पोचलेलं आहे. मांस ब्राइनमधून काढून धुवा, पुसा, जाळीवर उघडं ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये सुकवा. पृष्ठभाग बोटाला किंचित चिकट लागला की धूर छान धरतो. मग लेप दाबून बसवा.

धूर कसा द्यायचा? स्मोकर नसेल तर?

झाकणाचा साधा कोळशाचा ग्रिल पुरतो. कोळसे एका कडेला अर्धवर्तुळात लावा, एका टोकाला पेटवा, मधे मधे मेपल, चेरी किंवा ओकचे तुकडे ठेवा. मांस दुसऱ्या कडेला, खाली पाण्याचा ट्रे. ११० ते १२० अंश. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर निघत असेल तर हवेची झडप उघडा, नाहीतर पास्ट्रामीला राखेची कडू चव येते. लाकूड कुठलं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. धूर स्वच्छ असणं जास्त महत्त्वाचं. हिवाळ्यात कोळसा दीडपट लागतो आणि वाऱ्याला आडोसा करावा लागतो. थंडी वाजते म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये घेऊ नका. दार उघडं असलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मांसात टोचलेल्या थर्मामीटरचा काटा ६८ अंशांवर अडकला, तासभर हलतच नाही. काय बिघडलं?

काहीच नाही. मांसाच्या पृष्ठभागातून पाणी बाष्प होऊन उडतं, त्याने तुकडा थंड होतो आणि आतली उष्णता व तो गारवा बरोबरीत येतात. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी प्रयोग करून हे दाखवलं. आधी लोक याचं खापर चरबी किंवा कोलॅजन विरघळण्यावर फोडायचे.

टेक्सासवाले इथे कागदात गुंडाळतात. आपल्याला तोही प्रश्न नाही, कारण ६५ ते ७० अंशांवर आपण मांस बाहेरच काढतो. चार ते सहा तासांत एवढा धूर पुरेसा बसलेला असतो. पुढचं काम वाफेचं.

वाफवायचं कशात?

मोदकपात्रात! मोठं असेल तर अडीच किलोंचा तुकडा दोन भाग करून आरामात बसतो. नसेल तर खोल पातेल्यात जाळी. पाण्याचा मांसाला स्पर्श होता कामा नये, नाहीतर लेप धुऊन जातो. दोन ते तीन तास मध्यम आचेवर, मधे पाणी कमी झालं तर उकळतंच घाला. आतलं तापमान ९३ ते ९५ अंशांवर गेलं की सळई टोचा. ती विनासायास आत-बाहेर झाली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात अडली तर आणखी अर्धा तास.

कुकरमध्ये? होतं, पण दाबाखाली तापमान १२० च्या आसपास जातं, आणि मांस कापायच्या ऐवजी भुगा होतं. धुरावल्यावर लगेच वाफवायला वेळ नसेल तर थेट फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफवा. ओट्यावर रात्रभर ठेवू नका.

मी अपार्टमेंटमध्ये राहतो, बाल्कनीत कोळशाला बंदी आहे.

मुरवा, लेप लावा, ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवा, मग वाफवा. लेपात स्मोक्ड पॅप्रिका घाला. बाटलीतल्या लिक्विड स्मोकचे थेंब ब्राइनमध्ये टाकले तर चालतात, पण थेंबच. ज्यांनी डेलीत कधी खाल्लं नाही त्यांना फरक कळणार नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना लगेच कळेल.

महाराष्ट्रात घरी करता येईल का?

गाय, बैल, वळू यांचं नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होती, २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाल्यावर बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा यांचं मांस या बंदीत येत नाही. गोव्यातला कायदा वेगळा आहे आणि तिथे बीफ मिळतं.

म्हशीच्या मांसावर हीच पद्धत चालते. कसाई ब्रिस्केट या नावाने देणार नाही, ‘सीना’ मागा आणि चरबी ठेवायला सांगा. रंग गडद येतो, स्नायूंमधली चरबी कमी असते, त्यामुळे ओव्हनचं किंवा ग्रिलचं तापमान ११० च्या वर जाऊ देऊ नका आणि वाफेला तासभर जास्त धरा. उन्हाळ्यात वीज जाणार असेल तर मुरवायला ठेवूच नका.

कापल्यावर मधे करडा पट्टा दिसला. खाऊ का?

क्युअर तिथपर्यंत पोचलं नव्हतं. पूर्ण वेळ थंड फ्रीजमध्ये होतं आणि ९० च्या वर शिजलं असेल तर खायला हरकत नाही, चव फक्त साध्या उकडलेल्या मांसाची लागेल. पुढच्या वेळी दिवस वाढवा किंवा टोचा. उलट, कापांवर हिरवी-जांभळी चमक दिसली तर ते बहुतेक वेळा प्रकाशाचं काम असतं: कापलेल्या रेषांवर प्रकाश फुटतो. वास ठीक, स्पर्श चिकट नाही, तर निर्धास्त खा.

कापताना सगळं तुटतं.

रेषा बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा. फ्लॅट आणि पॉइंटच्या रेषा वेगवेगळ्या दिशांनी जातात, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर आधी वेगळे करा. गरम असताना हाताने जाडसर काप, ३-४ मिलिमीटरचे. गार केल्यावरच कागदासारखे पातळ काप निघतात.

उरलं तर किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये ३-४ दिवस, फ्रीझरमध्ये दोनेक महिने. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह नको, पाच-दहा मिनिटं वाफ द्या. राय ब्रेड आणि मोहरीची चटणी हा डेलीचा रिवाज. आमच्याकडे उरलेल्या तुकड्यांची कांदा-बटाटा-हिरवी मिरची घालून परतलेली भाजी होते, वर अंडं फोडून. त्यात मीठ घालायचं नाही, बटाट्यापुरतंसुद्धा.